पदवीच्या वर्गात डिजिटल मार्केटिंग शिकवताना सुरुवात कुठून करावी?

धागाकर्ता : दप्तरदार

नमस्कार. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयात मी वाणिज्य आणि बीबीएच्या मुलांना डिजिटल मार्केटिंग शिकवतो. नवे शैक्षणिक धोरण राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले आणि हा विषय व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम किंवा खुला ऐच्छिक विषय म्हणून बऱ्याच ठिकाणी दाखल झाला. आमच्याकडे तो २ श्रेयांकांचा आणि ५० गुणांचा आहे. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर कागदावर ६० तास मिळतात. अंतर्गत परीक्षा, युवा महोत्सव आणि सुट्ट्या वजा केल्या की प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी उरतात. एवढ्या वेळात काय शिकवावे आणि कशाला फाटा द्यावा, याविषयी इथल्या शिक्षकांशी आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांशी बोलावे, यासाठी हा धागा काढत आहे.

माझे मत आधी मांडतो. पदवीच्या मुलांना साधनांपासून शिकवायला सुरुवात करू नये. गूगलच्या ॲडवर्ड्स या जाहिरात सेवेचे नाव २०१८ मध्ये गूगल ॲड्स झाले, तरी कित्येक क्रमिक पुस्तकांत अजून जुनेच नाव आहे. संकेतस्थळावरील वर्दळ मोजणाऱ्या गूगलच्या युनिव्हर्सल ॲनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती नोंदवणे थांबवले आणि तिच्या जागी जीए-४ (गूगल ॲनालिटिक्स ४) आले. त्यात बाउन्स रेटची, म्हणजे फारसे काही न पाहता परत जाणाऱ्यांच्या प्रमाणाची, व्याख्याच बदलली, आणि पुढे २०२४ मध्ये कन्व्हर्जनला, म्हणजे खरेदीसारख्या हव्या त्या कृतीला, ‘की इव्हेंट’ म्हणायला सुरुवात झाली. क्रोममधून तृतीय पक्षाच्या कुकी, म्हणजे वेगवेगळ्या संकेतस्थळांवर माणसाचा माग ठेवणाऱ्या खुणा, जाणार, हे गूगलने २०२० मध्ये जाहीर केले होते. त्यावर आपण सगळ्यांनी तास घेतले, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच मागे घेतला गेला. प्रथम वर्षाला कोणते बटण कुठे आहे हे पाठ केलेला मुलगा तृतीय वर्षाला पोहोचेपर्यंत ते बटण जागेवर राहत नाही. बदलत नाहीत ते चारच प्रश्न: गिऱ्हाईक कोण आहे, ते काय शोधत आहे, त्याला काय सांगायचे, आणि सांगायला आलेला खर्च निघाला की नाही.

म्हणून मी चार-पाच मुलांचा एक गट करतो आणि प्रत्येक गटाला गावातला एकच लहान व्यवसाय पूर्ण सत्रासाठी देतो. घरगुती खाद्यपदार्थ करणाऱ्या बाई, सायकल दुरुस्तीचे दुकान, शिकवणी वर्ग, रोपवाटिका असे कोणतेही चालते. अट एवढीच, की मालकाशी समोरासमोर बसून बोलता आले पाहिजे. पहिले तीन आठवडे मुले कोणतीही जाहिरात करत नाहीत. दुकानात बसून येणारे फोन ऐकतात आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवतात. उकडीच्या मोदकांच्या ऑर्डर घेणाऱ्या एका बाईंकडे गेलेल्या गटाच्या वहीत हे प्रश्न सापडले: ‘मोदक गरम पोचतात की घरी पुन्हा वाफवायचे?’, ‘सोवळ्यात करता का?’, ‘अकराच हवेत, चालेल ना?’, ‘सकाळी आरतीच्या आधी मिळतील ना?’. या गटाने पूर्वतयारी म्हणून लिहिलेल्या जाहिरातीत ‘अस्सल चव, घरगुती माया’ असे शब्द होते, आणि या चारपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्यानंतर लिहिलेली जाहिरात वेगळीच झाली. तिच्यात पोच करण्याची वेळ होती, कमीत कमी नगांची संख्या होती आणि मोदक पुन्हा कसे वाफवायचे याची एक ओळ होती.

दुसरा भाग हिशेबाचा. याला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण मुले इथेच सर्वांत कच्ची असतात. वर्गात सोडवतो ते एक उदाहरण देतो; आकडे सोयीसाठी घेतले आहेत. एकवीस मोदकांचा डबा ६३० रुपयांना विकला जातो. साहित्य, मजुरी आणि डबा मिळून ४५० रुपये जातात आणि १८० उरतात. जाहिरातीवर १,२०० रुपये खर्च केले, ती १८,००० वेळा दिसली, १५० क्लिक आले आणि त्यांतून पाच डबे विकले गेले. मुले अहवालात लिहितात की विक्री ३,१५० रुपयांची झाली, म्हणजे खर्चाच्या २.६ पट, म्हणून मोहीम यशस्वी. मग मी त्यांना पाच गुणिले १८० करायला सांगतो. उत्तर ९०० येते, खर्च १,२०० आहे, म्हणजे बाईंचे ३०० रुपये गेले. पुढचा प्रश्न मुले आपण होऊन विचारतात, की या पाचांपैकी दोघांनी पुढच्या संकष्टीला पुन्हा ऑर्डर दिली तर? तिथून पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकाचे मोल हा विषय सुरू होतो, आणि मग तो समजावून सांगावा लागत नाही.

तिसरी गोष्ट घाईच्या निष्कर्षांची. दोन जाहिराती सारख्याच संख्येने दाखवल्या, एकीवर ८ क्लिक आले आणि दुसरीवर १२, की गट लगेच दुसरीला विजयी ठरवतो. अशा वेळी मी वर्गातल्या प्रत्येकाला एक नाणे वीस वेळा उडवायला लावतो आणि छापा-काटा फळ्यावर मांडतो. काहीही फरक नसलेल्या नाण्यातही १२-८ किंवा त्याहून मोठी तफावत साधारण निम्म्या मुलांच्या वाट्याला येते. फळा भरत आला की मुलांच्या चेहऱ्यांवरूनच कळते की मुद्दा पोचला.

आपल्याकडे हा विषय कसा शिकवला जातो, आणि माझ्या या क्रमात काय चुकते आहे असे वाटते, ते कृपया मोकळेपणाने लिहावे.

प्रतिसाद : दुर्वांकुर

दप्तरदार सर, धागा आवडला. मी पुण्यात एका डिजिटल एजन्सीत मुलाखती घेते, म्हणून दुसरी बाजू मांडते. तुमचे चारही प्रश्न मान्य आहेत, परंतु साधने मागे ठेवण्याचा फटका मुलांना पहिल्या नोकरीच्या वेळी बसतो. आमच्याकडे नवीन मुलाला पहिल्या आठवड्यात जाहिरात खाते उघडून दिले जाते आणि मोहीम, जाहिरात संच आणि जाहिरात या तीन पातळ्यांतला फरक त्याला ठाऊक असेल असे गृहीत धरलेले असते. ज्याने ते खाते कधीच पाहिलेले नाही, तो उत्तम विचार करणारा असला तरी मुलाखतीत गप्प बसतो.

गूगलच्या स्किलशॉप या प्रशिक्षण संकेतस्थळावरील प्रमाणपत्रे विनामूल्य आहेत. त्यांची मुदत एक वर्षाची असते, त्यामुळे ती तृतीय वर्षाच्या शेवटच्या सत्रात करून घ्यावीत. जीए-४ साठी गूगलने आपल्या मर्चंडाइझ स्टोअरचे डेमो खाते सर्वांना खुले ठेवले आहे. त्यात खऱ्या दुकानाची माहिती असते आणि विद्यार्थी काहीही बिघडवू शकत नाही. माझ्या मते ६० तासांपैकी २० तास तरी साधनांना द्यायलाच हवेत. मात्र उमेदवार मला २.६ पट विक्रीचा आकडा अभिमानाने सांगतो आणि नफा विचारल्यावर अडखळतो, हे मी वारंवार पाहिले आहे. त्यामुळे तुमचा हिशेबाचा भाग कोणत्याही परिस्थितीत कमी करू नये.

प्रतिसाद : माणदेशी

आमचे महाविद्यालय तालुक्याच्या गावी आहे. संगणक कक्ष आहे, पण तो माहिती तंत्रज्ञानाच्या प्रात्यक्षिकांसाठी राखलेला असल्यामुळे आमच्या वाट्याला फारसा येत नाही. मुलांकडे असतो तो मोबाइल. जाहिरातीसाठी हजार-बाराशे रुपये कोण देणार, हाही प्रश्नच आहे. त्यामुळे डेमो खाते, डॅशबोर्ड वगैरे गोष्टी ऐकायला चांगल्या वाटतात, परंतु आमच्या वर्गात त्या मोठ्या पडद्यावर एकदा दाखवण्यापलीकडे जाता येत नाही.

आम्ही एक वेगळी वाट काढली आहे, ती इतरांच्याही उपयोगी पडेल. व्हॉट्सॲप बिझनेसचे ॲप फुकट आहे. त्यात कॅटलॉग, लेबले आणि तयार उत्तरे ठेवता येतात. व्हॉट्सॲपवर थेट संभाषण उघडणारा दुवा तयार करताना त्यात आधीच लिहिलेला संदेश घालता येतो. मुले एकाच दुकानासाठी असे तीन दुवे करतात. इन्स्टाग्रामवरच्या दुव्यातून ‘इन्स्टावर पाहिले, भाव सांगा’ असा संदेश येतो, पत्रकावरच्या क्यूआर कोडमधून ‘पत्रकावरून विचारत आहे’ असा, आणि गूगल नकाशावरच्या दुव्यातून तिसरा. दुकानदार प्रत्येक संदेशाला लेबल लावतो आणि महिनाअखेरीस मुले मोजणी करतात. यूटीएम, म्हणजे माणूस कोणत्या वाटेने आला हे सांगणारी दुव्यातली खूण, जोडून संकेतस्थळावर जे साधायचे असते, ते इथे संकेतस्थळाशिवाय साधते, आणि पुढे कधी यूटीएम शिकायची वेळ आली तर मुलांना ती कल्पना नवी वाटत नाही. एका कृषी सेवा केंद्राच्या बाबतीत पत्रकावरून आलेली विचारणा इन्स्टाग्रामपेक्षा कितीतरी जास्त निघाली, आणि त्या गटाने पुढचे काम पत्रकावरच केले. मला तो निर्णय फार योग्य वाटला.

गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगल शोधात आणि नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, हाही बिनखर्ची भाग आहे. व्यवसायाचा प्रकार बरोबर निवडणे, सणासुदीच्या वेळा भरणे, दुकानाच्या दर्शनी भागाचे स्पष्ट छायाचित्र टाकणे आणि आलेल्या प्रत्येक अभिप्रायाला उत्तर देणे एवढ्या कामात एक पंधरवडा सहज जातो, आणि दुकानदाराला फरकही जाणवतो.

प्रतिसाद : हिशेबनीस

दप्तरदारांच्या उदाहरणात एक भर. जाहिरातीच्या खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो. १,२०० रुपयांवर तो २१६ रुपये होतो. मोदक करणाऱ्या बाई जीएसटीखाली नोंदणीकृत नसतील, तर त्यांना हा कर परत मिळण्याचा मार्ग नाही, म्हणजे तोटा ३०० नसून ५१६ रुपयांचा आहे. हे मुलांना दाखवले पाहिजे, कारण खात्यातल्या अहवालात दिसणारा खर्च आणि बँकेतून गेलेली रक्कम यांतील फरक ते सहसा तपासत नाहीत.

प्रतिसाद : निळीशाई

मी सध्या तृतीय वर्षात आहे आणि हा विषय मागच्या सत्रात अभ्यासला. आमच्या लेखी परीक्षेत ‘एसईओची व्याख्या सांगून पाच फायदे लिहा’ (एसईओ म्हणजे गूगलसारख्या शोधात आपले पान वर आणण्याचे काम) असा प्रश्न होता, तर प्रकल्पात प्रत्येक गटाला एक इन्स्टाग्राम पान काढून त्यावर फॉलोअर वाढवायला सांगितले होते. गुण फॉलोअरांच्या संख्येवर होते. त्यामुळे आम्ही सर्वांनी आपापल्या नातेवाइकांना आणि एकमेकांच्या गटांना फॉलो करायला लावले. संख्या वाढली, पण त्यातून आम्हाला गिऱ्हाइकाविषयी काहीही कळले नाही, कारण तिथे गिऱ्हाईक नव्हतेच.

मला शिक्षकांना एक विनंती करायची आहे. माझ्या मैत्रिणीच्या गटाने ज्या खानावळीसाठी काम केले, तिच्या मालकांनी संपूर्ण वर्गाकडून पाच तारे देणारे अभिप्राय लिहून मागितले होते. गटाला नाही म्हणायचे होते, पण काय कारण द्यावे ते कळत नव्हते आणि प्रकल्प मोडेल अशी भीती वाटत होती. अशा वेळी विद्यार्थ्याच्या बाजूने उभा राहील असा लेखी नियम सुरुवातीलाच असायला हवा.

प्रतिसाद : कायदेपंडित

निळीशाई यांनी मांडलेला मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक अभ्यासक्रमांत तो शेवटच्या घटकात दोन ओळींत उरकला जातो. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे. ते ऐच्छिक असले तरी विद्यार्थ्याला मालकासमोर ठेवायला आधार म्हणून पुरेसे आहे. त्याखेरीज ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते, आणि पुन्हा तीच चूक झाल्यास ५० लाखांपर्यंत.

मोबदला घेऊन केलेल्या शिफारशींबाबत जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यानुसार शिफारस ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत ती जाहिरात असल्याचे सांगावे लागते. मराठीत बोललेल्या रीलच्या खाली कोपऱ्यात बारीक इंग्रजी हॅशटॅग टाकून जबाबदारी संपत नाही. ‘जाहिरात’ किंवा ‘सशुल्क प्रसिद्धी’ असे ठळक लिहिले पाहिजे. जाहिरात मानक परिषदेची, म्हणजे ॲस्कीची, यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ पासून आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेरा प्रकारच्या फसव्या मांडणींवर, ज्यांना डार्क पॅटर्न म्हणतात, निर्बंध आले. वर्गात याचा उत्तम स्वाध्याय होतो: प्रत्येक मुलाने आपल्या मोबाइलमधील खरेदीच्या ॲपवर ‘फक्त दोनच शिल्लक’, आपोआप टोपलीत पडलेली वस्तू किंवा सदस्यत्व रद्द करण्याची लपवलेली वाट शोधावी आणि ती तेरांपैकी कोणत्या प्रकारात बसते ते लिहावे. कायद्याची कलमे पाठ करून घेण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी आहे.

एक व्यावहारिक सावधगिरी. प्रथम वर्षाची काही मुले सतरा वर्षांची असतात. जाहिरात खाते त्यांच्या नावाने उघडू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक धरले आहे आणि बालकांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यामुळे शिकवणी वर्गांसाठी काम करणाऱ्या गटांनी जाहिरात पालकांना उद्देशूनच करावी.

प्रतिसाद : कोपऱ्यातला वाचक

भाषेकडे कुणाचे लक्ष गेले नाही, म्हणून लिहितो. आपल्या विद्यार्थ्यांजवळ एक जमेची बाजू आहे, आणि आपण ती वापरत नाही. मराठी माणूस गूगलवर एकच गोष्ट देवनागरीत शोधतो, रोमन लिपीत मराठी लिहून शोधतो आणि इंग्रजीतही शोधतो. रोमन लिपीत तर पुरणपोळीची पाच-सहा प्रकारची रूपे सापडतात. मुलांना कीवर्ड प्लॅनर आणि गूगल ट्रेंड्स, म्हणजे लोक कोणते शब्द किती शोधतात ते दाखवणारी गूगलची साधने, देऊन ही सगळी रूपे गोळा करायला लावावीत, आणि मग प्रत्येक रूप लिहिणारा माणूस कोण असेल यावर चर्चा करावी. देवनागरीत ‘पुरणपोळी कशी करावी’ शोधणाऱ्याला बहुधा कृती हवी असते, आणि इंग्रजीत घरपोच पुरणपोळी शोधणाऱ्याला विकत घ्यायची असते. शोधामागचा हेतू हा धडा यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येईल असे मला वाटत नाही.

जून २०२५ मध्ये प्राडाच्या मिलान येथील प्रदर्शनात कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दिसल्या आणि त्यावरून मोठा वाद झाला, तेही चांगले उदाहरण आहे. ट्रेंड्सवर त्या काळाचा आलेख उघडून मुलांना विचारावे, की अशा वेळी शोधणाऱ्या किती जणांना बातमी हवी असते आणि किती जणांना चप्पल? आणि त्या आठवड्यात कोल्हापुरातल्या कारागिराने आपल्या पानावर काय लिहायला हवे होते? कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, ही माहिती किती विक्रेत्यांच्या पानांवर सापडते, तेही मुलांनीच मोजावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिलेल्या मजकुराबद्दलही बोलायला हवे. मुले चॅटजीपीटीकडून मराठी जाहिरात लिहून घेतात, तिचे व्याकरण शुद्ध असते आणि ती कोणत्याही दुकानाला चालते. तिचा दोष हाच आहे. बंदी घालून उपयोग होत नाही. दप्तरदारांनी सांगितलेली गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची वही हाच त्यावर खरा उपाय आहे. मजकुरातील प्रत्येक वाक्य वहीतल्या कोणत्या नोंदीवरून आले ते समासात लिहायला लावावे.

प्रतिसाद : मांडवीकाठ

गोव्यात आमच्या विद्यार्थ्यांचे बहुतेक प्रकल्प होमस्टे आणि खाणावळींचे असतात. तिथे गिऱ्हाईक बाहेरगावचे असते, ते इंग्रजी किंवा हिंदीत शोधते आणि शोध प्रवासाच्या कितीतरी आधी सुरू होतो. त्यामुळे एका सत्रात परिणाम मोजता येत नाही. पावसाळ्यातल्या सत्रात केलेल्या कामाचे फळ डिसेंबरात दिसते. आम्ही एका तुकडीची वही पुढच्या तुकडीकडे सोपवतो आणि दुसरी तुकडी पहिलीच्या कामाचा परिणाम तपासते. दुसऱ्याच्या नोंदी वाचून निष्कर्ष काढण्याची सवयही त्यातून लागते.

प्रतिसाद : दप्तरदार

सर्वांचे मनापासून आभार. दुर्वांकुर ताई, साधनांना वीस तास देण्याचा मुद्दा मी मान्य करतो. फक्त ते तास हिशेब आणि वही झाल्यानंतर ठेवीन, म्हणजे खाते उघडताना मुलांजवळ विचारण्यासारखे काही असेल. माणदेशी सरांची तीन दुव्यांची युक्ती येत्या सत्रापासून आमच्याकडे सुरू करतो. हिशेबनीसांची दुरुस्ती उदाहरणात घेतली आहे.

निळीशाई, तुमच्या विनंतीनुसार मी व्यवसायमालकाशी करायच्या पत्रात हे मुद्दे घालत आहे: विद्यार्थी खोटे अभिप्राय लिहिणार नाहीत आणि लिहवून घेणार नाहीत, मालक आपला पासवर्ड देणार नाहीत, तर पान आणि प्रोफाइल यांवर विद्यार्थ्यांना व्यवस्थापक म्हणून प्रवेश देतील आणि सत्र संपताच तो काढून घेतील, गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक विद्यार्थी आपल्या मोबाइलमध्ये ठेवणार नाहीत, जाहिरातीची रक्कम मालक किंवा विभाग आगाऊ भरेल, विद्यार्थी स्वतःच्या खिशातून एक रुपयाही घालणार नाहीत. पत्रावर विभागप्रमुखांची सही असेल, म्हणजे नाही म्हणण्याची जबाबदारी विद्यार्थ्यावर पडणार नाही.

प्रतिसाद : माणदेशी

पत्राचा मसुदा इथेच टाकावा, आम्हीही वापरू. एक शंका राहिली: गुण कशावर देता? विक्री झाली नाही तर गटाचे काय?

प्रतिसाद : दप्तरदार

विक्रीवर एकही गुण नाही. ५० पैकी २० गुण वहीला, १५ हिशेबाला आणि १५ तोंडी परीक्षेला आहेत. तोंडी परीक्षेत प्रत्येक विद्यार्थ्याला एकच प्रश्न ठरलेला असतो: मालकांनी उद्या आणखी हजार रुपये दिले, तर ते कुठे खर्च कराल आणि कशाच्या आधारावर? ‘आत्ता खर्चच करू नका’ हे उत्तर आकड्यांनिशी देणाऱ्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात. मागच्या तुकडीत रोपवाटिकेच्या गटातील एका मुलीने तसेच उत्तर दिले होते. पाऊस लांबला असल्यामुळे लोक रोपांचे भाव विचारून जात होते, पण खरेदी करत नव्हते, हे तिने वहीतील नोंदींवरून दाखवून दिले. मसुदा रविवारपर्यंत टाकतो.